कागदावर कागद, खिडकीवर खिडकी

टेबलावर विजेचं बिल पडलेलं असतं, त्यावर मुलाची वही, वहीवर लग्नाची पत्रिका. खालचं बिल दिसत नसलं तरी ते तिथंच आहे, हे कुणाला सांगावं लागत नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यावर मात्र ही साधी गोष्ट आणायला बरीच वर्षं लागली.

९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्ट यांनी नव्वद मिनिटांचं प्रात्यक्षिक दिलं. तिथं जमलेल्यांनी माउस पाहिला आणि भाग पाडलेला पडदाही पाहिला. पण ही वाटणी शेतातल्या बांधासारखी होती. एकाला जागा वाढवून दिली की शेजाऱ्याची कमी होणार.

हा बांध मोडला झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टोतल्या संशोधन केंद्रात. तिथल्या १९७३ च्या ‘अल्टो’ कॉम्प्युटरचा पडदा कागदासारखा उभा होता. आडवे ६०६ ठिपके, उभे ८०८. एवढ्याशा जागेत किती कामं मावणार? तिथले ॲलन के यांनी कामांच्या चौकटी, म्हणजे खिडक्या (विंडो), कागदांसारख्या एकमेकींवर ठेवायचं ठरवलं. ठिपक्यांचा अख्खा चौकोन झटकन दुसरीकडे उमटवणारी ‘बिटब्लिट’ ही युक्ती डॅन इंगल्स यांनी लिहिली आणि ‘स्मॉलटॉक’ प्रणालीत या खिडक्या हलू लागल्या.

१९७९ च्या अखेरीस ॲपलची मंडळी हे पाहायला आली. त्यांत बिल ॲटकिन्सन होते. अर्धवट झाकलेली मागची खिडकीसुद्धा आपला उघडा भाग आपोआप रंगवत राहते, असा त्यांचा समज झाला. प्रत्यक्षात झेरॉक्सकडे तसं काही नव्हतं. खिडकी पुढे आणल्याशिवाय तिच्यातलं चित्र बदलत नसे. पण ‘त्यांना जमलंय, म्हणजे जमतं’ या भरवशावर ॲटकिन्सन भिडले. झाकून उरलेला भाग चौकोनी राहत नाही, कुठं कोपरा तुटतो, कुठं पट्टी उरते. असा कुठलाही वेडावाकडा आकार थोडक्या जागेत साठवायचा आणि तेवढ्यातच रेखाटायचं, ही ‘रीजन’ची पद्धत त्यांनी शोधली. या साऱ्या इतिहासातला सर्वांत सुंदर प्रसंग हाच. १९८३ च्या ‘लिसा’त आणि १९८४ च्या ‘मॅकिंटॉश’मध्ये तीच पद्धत वापरली गेली.

मायक्रोसॉफ्टच्या २० नोव्हेंबर १९८५ च्या पहिल्या ‘विंडोज’मध्ये खिडक्या पुन्हा फरशांसारख्या शेजारी-शेजारी होत्या. एकावर एक आल्या त्या १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत. पुढच्याच वर्षी ॲपलनं कोर्ट गाठलं आणि काही वर्षांनी खटला गमावला.

इकडे नवशिक्यांची अडचण निराळीच होती. एक विंडो दुसरीमागे गेली की ती बंदच झाली, असं त्यांना वाटे, हे मायक्रोसॉफ्टच्या चाचण्यांत दिसलं. म्हणून २४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या ‘विंडोज ९५’ मध्ये पडद्याच्या तळाशी टास्कबार आला. उघडलेल्या प्रत्येक विंडोचं बटण तिथं सतत दिसू लागलं.

घरात कुणी ज्येष्ठ ‘माझं पत्र गेलं कुठं?’ म्हणून घाबरले, तर माउस त्यांच्याच हातात राहू द्या आणि आधी ती तळाची पट्टी दाखवा.