बर्मिंगहॅमचीं गटारें आणि टेम नदी

बॅरिस्टर म्हटला कीं आपल्याकडील सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांपुढें खुनाचा खटला, उलटतपासणी आणि माणसांनीं खच्चून भरलेलें कोर्ट उभें राहतें. परंतु या धंद्याची अशीही एक शाखा आहे कीं तिच्यांतील वकिलास गटारांचा उतार, नदीचा प्रवाह आणि नगरपालिकेच्या ठरावांचीं दप्तरें यांतच आयुष्य घालवावें लागतें. त्याचा पक्षकार कधीं नगरपालिका असते, तर कधीं तिच्या घाणीनें गांजलेला शेजारी. पर्यावरणाचा व स्थानिक स्वराज्याचा कायदा असें भारदस्त नांव आज या शाखेस मिळालें आहे. पण ज्या दाव्यांवर तिची उभारणी झाली त्यांतील एक १८५८ सालचा आहे, आणि 'पर्यावरण' हा शब्द तेव्हां कोणाच्या ओठीं नव्हता.

बर्मिंगहॅम हें लोखंड-पितळेच्या कारखान्यांचें शहर. वस्ती अडीच लाखांच्या घरांत गेलेली. १८५१ सालीं पार्लमेंटनें त्या शहरापुरता खास कायदा करून नगरपालिकेस व्यापक अधिकार दिले व नगरपालिकेनें मोठ्या उमेदीनें गटारें बांधावयास घेतलीं. मैला नळांवाटे वाहून नेण्याची पद्धति त्या काळीं सुधारणेची परमावधि समजली जाई. नळांचें तोंड सॉल्टली येथें, रे नदी टेम नदीस मिळते त्या बाजूस, सोडलें होतें. शहरास वाटलें, मैला गेला. तो गेला नव्हता, वाहत खालीं आला होता. खालीं सुमारें सात मैलांवर हॅम्स हॉल येथें चार्ल्स अ‍ॅडर्ले नांवाचे जमीनदार राहत. त्यांच्या जमिनींतून वाहणारी टेम नासली, मासे मेले, गुरें पाण्यास तोंड लावीनात.

अ‍ॅडर्ले हे शहराचे वैरी असते तर गोष्ट सोपी होती. पण १८५६ सालीं आपली सॉल्टलीची जमीन देऊन त्यांनींच बर्मिंगहॅमकरांस फिरावयास बाग खुली करून दिली होती. पुढें देशाच्या आरोग्यव्यवस्थेची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनचें अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलें. गटारें हवींत हें त्यांस मान्य होतें. त्यांतील घाण माझ्या नदींत नको, एवढेंच त्यांचें म्हणणें.

दावा अ‍ॅटर्नी-जनरलच्या नांवें, अ‍ॅडर्ले यांच्या फिर्यादीवरून, चॅन्सरी कोर्टांत व्हाइस-चॅन्सेलर सर विल्यम पेज वुड यांच्यापुढें चालला. नगरपालिकेच्या वकिलांनीं मांडलेला मुद्दा आजही सहज झटकून टाकतां येण्याजोगा नाहीं. गटारें बंद करा म्हणाल तर अडीच लाख माणसांचें शहर म्हणजे एक प्रचंड मैलाकुंड होईल, रोगराई माजेल, ती देशभर पसरेल. एका गृहस्थाच्या नदीपायीं हें सोसावयाचें काय? कॉलऱ्याच्या १८४८-४९ व १८५४ च्या साथी लोक विसरले नव्हते. त्याच १८५८ च्या उन्हाळ्यांत थेम्सच्या दुर्गंधीनें लंडनच्या पार्लमेंटांत सभासदांस बसणें अशक्य होऊन खिडक्यांस औषधांत भिजविलेले पडदे लावावे लागले होते. असा युक्तिवाद करणारा वकील ढोंगी नव्हता. त्याच्या जागीं आपण असतों तर बहुधा हेंच बोललों असतों.

व्हाइस-चॅन्सेलरांनीं तो मानला नाहीं. कोर्ट ही कांहीं सार्वजनिक सुरक्षिततेची समिति नव्हे, असें त्यांचें मत पडलें. पार्लमेंटनें दिलेला अधिकार गटारें बांधण्याचा आहे, दुसऱ्याचें पाणी नासविण्याचा नव्हे. आणि एकाचा हक्क भंगला असेल तर निकालाची झळ अडीच लाखांस लागेल कीं एकट्यास, हें पाहण्याचें कोर्टास कारण नाहीं. अधिकार अपुरा वाटत असेल तर शहरानें पुन्हां पार्लमेंटकडे जावें. मनाईहुकूम निघाला.

निकाल कठोर वाटतो खरा. परंतु 'बहुतांचें हित' हे शब्द हातीं आले म्हणजे सत्ताधारी मंडळी किती निर्धास्त होतात, हें ज्यानें आपल्या गांवच्या म्युनिसिपालिटीची एखादी तरी सभा पाहिली असेल त्यास सांगावयास नको. त्या हिताची किंमत कोण देतो, हा प्रश्न सभेंत निघत नाहीं. तो कोर्टांत काढावा लागतो.

गटारें कांहीं दुसऱ्या दिवशीं बुजविलीं गेलीं नाहींत. मनाईहुकूम डोक्यावर राहिला आणि त्याच्या धाकानें नगरपालिका एकेक पाऊल टाकीत गेली. मैला निवळविण्यासाठीं टाक्या झाल्या, जमिनी घेऊन मैलापाण्यावर शेती करून पाहण्यांत आली. तरी नदी निवळेना, म्हणून अ‍ॅडर्ले पुनःपुन्हां कोर्टांत गेले. १८७१ सालीं नगरपालिकेच्या चौकशी समितीचा अहवाल आला, व १८७७ सालीं आसपासच्या वस्त्यांस बरोबर घेऊन टेम आणि रे यांच्या खोऱ्यासाठीं संयुक्त जलनिःसारण मंडळ स्थापन झालें. या शाखेच्या वकिलाचें खरें काम तें हेंच. निकाल एका दिवसाचा. प्रतिज्ञापत्रें, मुदतवाढीचे अर्ज आणि इंजिनिअरांच्या साक्षी वर्षानुवर्षांच्या.

नदीसाठीं असें भांडणें अ‍ॅडर्ले यांस परवडलें, कारण पदरीं इस्टेट होती. इतरांनीं काय करावें? जॉन ईस्टवुड या बॅरिस्टरांनीं त्यावर तोड काढली. ते गळ टाकून मासे धरण्याचे शौकीन. १९४८ सालीं त्यांनीं अशा शौकिनांची सहकारी संस्था स्थापिली. डर्वेंट नदी नासविल्याबद्दल डर्बीच्या क्लबानें एक मोठी कंपनी, वीज-मंडळ आणि डर्बीची नगरपालिका या तिघांवर लावलेला दावा या संस्थेच्या पाठबळानें चालला व १९५३ सालीं अपिलांतही टिकला. वस्ती वाढल्यामुळें व्यवस्था अपुरी पडली, ही नगरपालिकेची सबब तेथेंही चालली नाहीं.

आपल्याकडे हाच प्रश्न रतलामच्या रहिवाशांनीं काढला व तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यांच्याजवळ ना इस्टेट, ना नदी. दारापुढें उघडीं गटारें आणि मद्यार्काच्या कारखान्याचें सांडपाणी. ते चॅन्सरीसारख्या कोर्टांत गेले नाहींत, फौजदारी कायद्याचें १३३ वें कलम घेऊन मॅजिस्ट्रेटापुढें उभे राहिले. नगरपालिका म्हणाली, पैसा नाहीं. १९८० सालीं न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं ती सबब फेटाळली. मात्र अवाढव्य खर्चाच्या योजनेऐवजीं झेपेल अशी बेताची योजना पत्करून गटारें व शौचकूप बांधण्यास मुदत घालून दिली.