लव्हक्राफ्टचं मुंडकं आणि पुण्याचे जोशी

वर्ल्ड फँटसी पुरस्कार 1975 साली अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्समध्ये सुरू झाला. मानचिन्ह म्हणून व्यंगचित्रकार गेहन विल्सनने त्याच गावच्या भयकथालेखक एच. पी. लव्हक्राफ्टचं लांबुडक्या चेहऱ्याचं मुंडकं घडवलं.

2011 मध्ये ते नायजेरियन वंशाच्या लेखिका नेडी ओकोराफोर यांना कादंबरीसाठी मिळालं. पुढे लव्हक्राफ्टची 1912 ची वर्णद्वेषी कविता वाचून त्यांनी आपली घालमेल जाहीरपणे मांडली. 2014 मध्ये लेखक डॅनियल होजे ओल्डरने हे मुंडकं बदलावं म्हणून सह्यांची मोहीम उघडली. नोव्हेंबर 2015 मध्ये मुंडकं बाद झालं.

त्यावर भडकले ते 1958 साली पुण्यात जन्मलेले सुनंद त्र्यंबक जोशी.

लहानपणीच अमेरिकेत गेलेल्या या अभ्यासकाने लव्हक्राफ्टचं सविस्तर चरित्र लिहिलं, त्याचा वर्णद्वेषही झाकला नाही. तरीही निषेध म्हणून त्यांनी स्वतःचे वर्ल्ड फँटसी पुरस्कार परत पाठवले. आता विजेत्यांच्या हाती पूर्णचंद्रापुढचं वाकडंतिकडं झाड येतं; ते व्हिन्सेंट व्हिलाफ्रांकाने घडवलं.