‘एस्क्युलेंट’ शब्दाची कुळकथा

इंग्रजीत ‘खाण्याजोगें’ या अर्थीं ‘एडिबल्’ हा शब्द नित्याच्या वापरांतला आहे. ‘एस्क्युलेंट’ हा त्याचा भारदस्त भाऊबंद. त्याचा वावर कोशांत व वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांतच विशेष. दोघांचें कूळ मात्र एकच. लॅटिनमध्यें ‘एडेरे’ म्हणजे खाणें. त्याच धातूपासून ‘एस्का’ म्हणजे अन्न, व ‘एस्का’पासून ‘एस्क्युलेंटस्’ म्हणजे खाद्य. हें कूळ आपणांसही परकें नाहीं. संस्कृतांतील ‘अद्’ धातु हा ‘एडेरे’चा सहोदर असून आपला ‘अन्न’ शब्द त्या ‘अद्’पासूनच झाला आहे. ‘एस्का’चा आणखी एक अर्थ लक्षांत ठेवण्याजोगा आहे, तो म्हणजे आमिष.

१७५३ सालीं स्वीडनच्या लिनीअसनें वनस्पतींस दुपदरी लॅटिन नांवें दिलीं, तेव्हां भेंडीस ‘हिबिस्कस् एस्क्युलेंटस्’ व अळवास ‘एरम् एस्क्युलेंटम्’ म्हटलें. पुढील पंडितांनीं दोन्ही नांवांचें पहिलें पद बदललें. ‘खाद्य’ हें बिरुद मात्र कायम राहिलें. १७६६ सालीं क्रांट्झनें कसाव्यासही तेंच बिरुद दिलें.

भेंडीपुरतें तें निर्विवाद आहे. अळवाची गोष्ट निराळी. त्याच्या पानांत व कंदांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. कच्चें पान चावणाऱ्याचा घसा असा खवखवतो कीं, त्यास ‘एस्का’चा दुसरा अर्थ तत्काळ पटावा! म्हणूनच आपल्या घरांत अळूं चिंच घालून चांगलें शिजविल्यावांचून पानांत वाढीत नाहींत. कसाव्याच्या कडू जातींत तर सायनाइड निर्माण करणारीं द्रव्यें असतात. दक्षिण अमेरिकेंतील मूळ रहिवासी तो कंद सोलीत, किसीत, त्यांतील विषारी रस पिळून काढीत आणि मग त्याची भाकरी भाजीत. आपण उपवासास खातों तो साबुदाणाही आज या कसाव्याच्याच सत्त्वापासून होतो.

तेव्हां ‘एस्क्युलेंटा’ हें विशेषण वरवर वनस्पतीचा गुण सांगतें. खरें पाहतां त्यांत मनुष्याचें कर्तृत्व सामावलेलें आहे. लिनीअस व क्रांट्झ यांनीं नांवें ठेविलीं, पण हे कंद खाद्य ठरले होते ते त्यांच्या पूर्वीं कित्येक शतकें, चुलीपाशीं. कोणता रस टाकावा, किती वेळ शिजवावें, हें ज्यांनीं प्रथम ओळखलें, त्यांचीं नांवें कोणत्याही ग्रंथांत नाहींत. त्यांच्या विद्येची पोंच एवढ्या एका लॅटिन शब्दांत उरली आहे.