राणीच्या बागेतले संग्रहालय : विस्तार कोणासाठी?

संग्रहालयाचा विस्तार म्हटले की आपण लगेच चौरस फूट मोजू लागतो. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा, म्हणजे जुन्या मुंबईकरांच्या तोंडी असलेल्या राणीच्या बागेतल्या म्युझियमचा, इतिहास मी गेली काही वर्षे नोकरी सांभाळून वाचतो आहे. या वाचनातून एक गोष्ट मला पुनःपुन्हा दिसली. ही संस्था जेव्हा जेव्हा वाढली, तेव्हा ती कोणासाठी आहे या प्रश्नाचे उत्तर आधी बदलले होते. इमारतीचे काम मागाहून आले.

मुंबईतले हे सर्वांत जुने संग्रहालय. लंडनचे १८५१चे आणि पॅरिसचे १८५५चे जागतिक प्रदर्शन, या काळातल्या हालचालींतून त्याची कल्पना पुढे आली. हिंदुस्थानात काय पिकते, काय खणून निघते आणि कारागीर काय घडवतात, याचे नमुने एका जागी मांडायचे, हा हेतू. नमुने पाहणारा व्यापारी आणि सरकारी अधिकारी हाच मुख्य प्रेक्षक. १८५७ साली कोटातल्या टाउन बराकीत ते सुरू झाले आणि त्याच वर्षीच्या उठावाने त्याचा घास घेतला. सैनिकांसाठी बराक हवी होती. वस्तू घाईघाईने हलवल्या गेल्या आणि त्यांची मोठी नासधूस झाली. सरकारच्या लेखी संग्रहालयाची किंमत किती, हे त्या एका प्रसंगात कळते.

तिथून पुढे शहरातल्या नागरिकांनी हा विषय हाती घेतला. १८५८ मध्ये टाउन हॉलमध्ये सभा भरली. जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी आणि डॉ. जॉर्ज बर्डवुड ही त्यामागची प्रमुख माणसे. भाऊ दाजी मूळचे गोव्यातील मांद्र्याचे; ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले वैद्यक पदवीधर आणि शिलालेख-नाण्यांचे जाणकार. लोकवर्गणी जमली, १८६२ साली कोनशिला बसली. पण ही वर्गणी ज्या पैशातून येत होती, तो अमेरिकेतल्या यादवी युद्धाने फुगवलेल्या कापसाच्या भावाचा होता. १८६५ मध्ये युद्ध संपले, शेअरांचा सट्टा कोसळला, पेढ्या बुडाल्या आणि भायखळ्याचे बांधकाम रखडले. अखेर सरकारने ते पुरे केले. २ मे १८७२ रोजी 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम' लोकांसाठी उघडले. नाना शंकरशेट १८६५ सालीच वारले होते. भाऊ दाजींना पुढची जेमतेम दोन वर्षे मिळाली.

विसाव्या शतकाच्या आरंभी जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे प्राचार्य सेसिल बर्न्स हे संग्रहालयाचे अभिरक्षक होते. त्यांच्या आणि पुढे अर्नेस्ट फर्न यांच्या काळात मुंबईतील जातीजमाती, पेहराव, धंदे, खेळ यांचे मातीचे छोटे पुतळे घडवून घेण्यात आले. आजही मुले त्या कपाटांपुढे सर्वाधिक रेंगाळतात. व्यापाऱ्याच्या नमुन्यांची जागा शहराच्या माणसांनी घेतली, हा मोठा बदल होता. मात्र या माणसांना नावे नाहीत. जात आहे, धंदा आहे, डोक्यावरचे पागोटे आहे, व्यक्ती नाही. पाहणारा वेगळा आणि दाखवला जाणारा वेगळा, ही रेघ तशीच राहिली.

१९७५ मध्ये संग्रहालयाला भाऊ दाजींचे नाव मिळाले, पण वास्तू खंगत गेली. २००३ साली मुंबई महानगरपालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात करार झाला. छतावरची नक्षी, ओतीव लोखंडाचे खांब, लाकडी कपाटे यांचे जतन झाले. २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला आणि २००८च्या जानेवारीत दारे पुन्हा उघडली.

त्यानंतरची प्रदर्शने मला महत्त्वाची वाटतात. सुदर्शन शेट्टी, जितीश कल्लाट, अतुल डोडिया हे जे. जे.मधूनच शिकलेले चित्रकार जुन्या कपाटांच्या मधोमध आपले काम मांडू लागले. २०१३ मध्ये रीना सैनी कल्लाट यांनी दर्शनी भिंतीवर रबरी शिक्क्यांचे अवाढव्य कोळिष्टक टांगले. शिक्क्यांवर होती मुंबईच्या रस्त्यांची पुसली गेलेली इंग्रजी अमदानीतली नावे. ज्या संस्थेचे स्वतःचेच नाव बदलले, तिच्या अंगावर हे जाळे शोभून दिसले. शाळकरी मुलांच्या कार्यशाळा, मराठी-हिंदीतून दालनांची ओळख, 'म्युझियम कट्टा'सारखे कार्यक्रम यांतून आसपासची वस्तीही आत येऊ लागली.

याच भरात नव्या उत्तर विभागाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. २०१४ मध्ये अमेरिकन वास्तुविशारद स्टीव्हन होल यांचा आराखडा निवडला गेला. सुमारे सव्वा लाख चौरस फुटांची पांढऱ्या काँक्रीटची वास्तू, ठिकठिकाणी कोरून काढलेल्या जागांतून आत येणारा उजेड, मध्ये पाण्याचा हौद आणि त्या पाण्याखाली वीज बनवणारे सौर घट. वजा करून भर घालायची, अशी त्यांची कल्पना. स्पर्धेला दहा वर्षे उलटून गेली, वास्तू उभी राहिलेली नाही.

जतनावर झालेला खर्च वाया गेला असे म्हणणाऱ्यांतला मी नाही, आणि नव्या वास्तूला माझा विरोधही नाही. पण १८६५चा धडा असा की, पैसा आणि उत्साह एकाच लाटेवर आले तर एकत्रच ओसरतात. टिकतो तो प्रेक्षक, ज्याला ही जागा आपली वाटते. भायखळा, लालबाग, परळ हा गिरण्यांचा पट्टा संग्रहालयाच्या हाकेच्या अंतरावर आहे. १९८२च्या संपानंतर मोडत गेलेल्या त्या जगातली माणसे, त्यांची मुले-नातवंडे अजून आसपास राहतात. त्यांच्याकडे ओळखपत्रे आहेत, भजनी मंडळांचे फोटो आहेत, खोलीतला एखादा पितळी डबा आहे. नव्या वास्तूची वाट न पाहता, आहे त्याच जागेत एक दालन त्यांनी दिलेल्या वस्तूंचे मांडता येईल. प्रत्येक वस्तूखाली देणाऱ्याचे नाव आणि तिच्याबद्दल त्याने सांगितलेली दोन वाक्ये एवढे पुरे.

बर्न्स यांच्या कपाटांतल्या मातीच्या माणसांना नाव देणे आता शक्य नाही. त्यांच्या वंशजांना देणे मात्र शक्य आहे, आणि त्यासाठी सव्वा लाख चौरस फूट लागत नाहीत.