'अस्लह' म्हणजे नेमका कोण?

दहावीच्या विज्ञानात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा धडा आहे. मी विज्ञानाचा शिक्षक नाही. उर्दू आणि मराठी शिकवतो. तरी मुरबाडकडच्या एका मुलाने मलाच विचारले, "सर, जो चांगला तोच टिकतो ना? मग आमच्या वाडीतली माणसं मागे राहिली, ती वाईट म्हणून?"

त्याची अडचण शब्दांत होती, म्हणून उत्तर देणे माझे काम होते.

डार्विनचे 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' 1859 साली आले. त्याची सुरुवात पाळीव प्राण्यांपासून होते. कबुतरे पाळणारा हवी ती जोडी निवडतो आणि पिढ्यान्पिढ्या नवी जात घडवतो. तिथूनच डार्विनने निसर्गासाठी 'निवड' हा शब्द उचलला. 'जगण्याची झुंज' ही कल्पना माल्थसच्या लोकसंख्येवरील निबंधाने पक्की केली. हा माल्थस हेलीबरीला ईस्ट इंडिया कंपनीच्या कॉलेजात शिकवत असे. हिंदुस्थानात येणारे अंमलदार तिथे तयार होत. डार्विनने मात्र स्पष्ट लिहिले होते की 'झुंज' हे रूपक आहे: वाळवंटाच्या कडेचे रोपटे दुष्काळाशी झुंजते, तीही झुंजच.

निवड म्हटली की निवडणारा आला. लोक विचारू लागले, हा निवडणारा कोण? 1861 च्या आवृत्तीत डार्विनने खुलासा केला की हा बोलण्याचा प्रकार आहे. 1866 मध्ये वॉलेसने त्यांना पत्र लिहून सुचवले की हा शब्द सोडा आणि हर्बर्ट स्पेन्सरचा 'सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट' घ्या. 1869 च्या आवृत्तीत तो आला. निवडणारा गेला, पण 'फिटेस्ट' म्हणजे बलवान असा समज जगभर पसरला आणि दुबळ्यांना तुडवणाऱ्यांना आयती सबब मिळाली.

आपल्या भाषांनी त्यात भर घातली. मराठीत आपण चटकन 'बळी तो कान पिळी' म्हणतो. उर्दूत शब्द आहे 'बका-ए-अस्लह'. 'अस्लह'चा अरबी अर्थ 'अधिक योग्य' असाही होतो, पण आपल्या कानाला त्यात 'सालेह', म्हणजे नेक माणूस, ऐकू येतो. मग टिकला तो नेक आणि संपला तो गुन्हेगार, असा हिशेब आपोआप होतो. 1917 साली हैदराबादेत दारुल तर्जुमा सुरू झाला. त्याचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक. त्यांची बरीच वर्षे आपल्या औरंगाबादेत गेली. परभाषेतले शास्त्र उर्दूत आणताना एकेका शब्दासाठी तिथे किती खल होत असेल, हे आता मला कळते.

मी त्या मुलाला म्हटले, "चप्पल पायात फिट बसते म्हणतो ना आपण? 'फिट' म्हणजे तेवढेच. खाचरात भात येतो, वरकस उतारावर नाचणी-वरी. नाचणी भातापेक्षा वाईट आहे का?"

"नाही. तिची जमीन वेगळी."

"आणि जमीनच काढून घेतली तर?"

तो जरा थांबला. म्हणाला, "मग त्यात नाचणीचा काय दोष?"

पुढच्या आठवड्यात मी विज्ञानाच्या सरांना भेटलो. आता हा धडा आम्ही दोघे मिळून घेतो.