बाह्य ॲक्सल सील

बाह्य ॲक्सल सील हे चारचाकी चालनाच्या वाहनातील अखंड पुढच्या ॲक्सलच्या नळीच्या बाहेरच्या टोकाला बसवले जाणारे रबरी किंवा धातू-रबरी सील आहे. चिखल, वाळू व पाणी नळीत शिरू न देणे हे त्याचे काम. बहुतेक वेळा ते वाहन विकत घेतल्यानंतर मालक स्वतः बसवून घेतो. ते बसवावे की नाही, याविषयी कच्च्या वाटांवर वाहने चालवणाऱ्यांत एकमत नाही.

रचना

अखंड ॲक्सलमध्ये डिफरन्शियल असते व त्याच्या दोन्ही बाजूंना पोलादी नळ्या निघतात. प्रत्येक नळीतून एक शाफ्ट चाकापर्यंत जातो. पुढची चाके वळणारी असल्याने शाफ्टच्या टोकाला युनिव्हर्सल जॉइंट असतो, व तो ज्या सांध्यात फिरतो त्याला नकल म्हणतात.

नकल दोन प्रकारचा असतो. बंद नकलमध्ये जॉइंट गोलाकार कवचात झाकलेला असून कवचाच्या कडेला नमदा व रबर यांचे सील असते. महिंद्रने भारतात जुळणी केलेल्या विलिस जीप आणि मारुती जिप्सी यांचा पुढचा ॲक्सल या प्रकारचा आहे, त्यामुळे तेथे वेगळ्या बाह्य सीलचा प्रश्न सहसा येत नाही. खुल्या नकलमध्ये जॉइंट उघडा असतो. जीप रँग्लरच्या टीजे पिढीत (1997–2006) नळीचे बाहेरचे तोंडही उघडेच होते. तेल अडवणारे एकमेव सील आत, डिफरन्शियलला लागून होते. 2020 च्या महिंद्र थारमध्ये पुढचे निलंबन स्वतंत्र असल्याने अशी नळीच नाही. भारतात हा प्रश्न म्हणूनच मुख्यतः रँग्लरच्या आणि खुल्या नकलचा ॲक्सल घालून बदललेल्या जुन्या जीपच्या मालकांपुढे येतो. रँग्लरची जुळणी 2021 पासून पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे होते.

आतील सील कसे खराब होते

आतील सीलची रबरी कड एका गोल स्प्रिंगने शाफ्टवर दाबलेली असते. ही कड तेलाच्या बाजूला तोंड करून असते. आतले तेल अडवणे हे तिचे काम, बाहेरून येणारे पाणी अडवण्यासाठी ती घडवलेली नाही. नळीत साचलेला चिखल वाळून कणदार होतो आणि शाफ्टबरोबर फिरत कडेपर्यंत पोहोचतो. मग कड झिजते, कधी शाफ्टवर बारीक खाच पडते, आणि अशा शाफ्टवर नवे सीलही गळते. दुरुस्तीसाठी शाफ्ट ओढून काढताना हाच चिखल सीलवरून घासत बाहेर येतो, हे अनेकांच्या उशिरा लक्षात येते. डाना प्रकारच्या अनेक पुढच्या ॲक्सलमध्ये आतील सील बदलायचे तर डिफरन्शियल पूर्ण बाहेर काढावे लागते. सील स्वस्त, मजुरी महाग, असा हा प्रकार आहे.

पाण्याचा दाब आणि ब्रीदर

रँग्लर रुबिकॉनसाठी पाण्यातून जाण्याची कमाल खोली 762 मिमी सांगितली जाते. तिच्या 255/75 आर 17 टायरवर ॲक्सलचा मध्य जमिनीपासून सुमारे 40 सेंमी उंच येतो. म्हणजे कंपनीच्या मर्यादेतच नळीवर सुमारे 36 सेंमी पाणी उभे राहते व त्याचा दाब 3.5 किलोपास्कलच्या आसपास भरतो.

यापेक्षा मोठा धोका तापमानातील फरकाचा असतो. डांबरी रस्त्यावर धावून 80 अंश सेल्सियसपर्यंत तापलेला ॲक्सल 25 अंशांच्या ओढ्यात उतरला आणि आतली हवा पूर्ण थंड झाली, तर बंद घरातील दाब साधारण 15 टक्क्यांनी, म्हणजे 15 किलोपास्कलच्या आसपास उतरतो. पाण्याच्या दाबाच्या चौपट ही ओढ आहे. ब्रीदर मोकळा असेल तर त्यातून हवा आत येते; तो चिखलाने बुजला असेल तर सीलच्या कडेतून पाणी ओढले जाते व तेल दूध घातलेल्या चहासारखे दिसू लागते. म्हणून ब्रीदरची नळी इंजिनच्या कप्प्यात उंच नेणे हा बाह्य सीलच्या आधी करायचा उपाय आहे. बुजलेला ब्रीदर ठेवून बाह्य सील बसवणे निरर्थक ठरते.

आक्षेप

पहिला आक्षेप भूमितीचा आहे. फिरत्या शाफ्टवरील सीलला गुळगुळीत, समकेंद्री पृष्ठभाग लागतो. मूळ शाफ्टचा नळीच्या तोंडाशी येणारा भाग बहुधा घडाईच्या अवस्थेतच, खडबडीत असतो. भाराखाली नळी किंचित वाकते व शाफ्ट मध्यापासून सरकतो. त्यामुळे बाह्य सील चिखल बऱ्यापैकी रोखते, पण पाण्याला पूर्ण अटकाव करते असे मानता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आत शिरलेले पाणी मग बाहेरही पडत नाही. पिंपरी-चिंचवडमधील रहाटणीसारख्या वसाहतीतून मुळशी व ताम्हिणी एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहेत. पुण्याचा वार्षिक पाऊस सरासरी 700 मिमीच्या आसपास असून घाटमाथ्यावर तो कित्येक पट पडतो. रविवारी भाताच्या खाचरांलगतच्या वाटेवर भिजलेली गाडी उरलेला आठवडा सोसायटीच्या वाहनतळावर उभी राहते. उघडी नळी तेवढ्यात बरीच वाळते. बंद नळीत ओल टिकून गंज धरतो.

तिसरे असे की आतील सील गळू लागले तर उघड्या नळीच्या तोंडाशी तेल दिसते. बाह्य सील असल्यास ते नळीतच साठते आणि डिफरन्शियलमधील पातळी नकळत खाली जाते. काही जण तेल बाहेर सांडत नाही म्हणून हा गुण समजतात. वास्तविक तो इशारा हरवणे आहे, आणि गळके आतील सील तसेच ठेवून बाहेरचे बसवणे हा या प्रकरणातील सर्वांत वाईट पर्याय होय.

उपयोगाची परिस्थिती

वर्षातून मोजक्या वेळा ओढा ओलांडणाऱ्या वाहनाला निर्दोष आतील सील, उंच ब्रीदर आणि पावसाळ्यानंतरची सफाई पुरते. चिखलात दिवसचे दिवस चालणाऱ्या वाहनाचे गणित वेगळे आहे. 2014 मध्ये गोव्यात सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज इंडियासारख्या, ऐन पावसाळ्यातील स्पर्धांत ॲक्सल वारंवार पूर्ण चिखलाखाली जातो. तेथे शाफ्ट तसाही दर काही दिवसांनी उतरवून तपासला जात असल्याने ओल अडकण्याचा तोटा उरत नाही.

बसवणी

साधे सील म्हणजे नळीच्या तोंडात दाबून बसणारे रबरी बूच; महागड्या प्रकारात ॲल्युमिनियमच्या कड्यावर बाहेरून ओ-रिंग व आतून रबरी कड असते. कोणतेही घेण्याआधी नळीचा आतील व्यास आणि शाफ्टची जाडी मोजावी लागते, तसेच कारखान्यातून काही आडोसा आलेला आहे का हे पाहावे लागते. शाफ्ट काढण्यापूर्वी लांब ब्रशने नळीतील चिखल काढतात, आतील सील तपासतात, नळी पूर्ण कोरडी करतात आणि मगच कडेला ग्रीस लावून सील बसवतात. पहिल्या खोल पाण्यानंतर डिफरन्शियलचे तेल थोडे काढून त्याचा रंग पाहिला जातो. पावसाळा संपल्यावर शाफ्ट उतरवून नळी पुन्हा वाळवावी लागते.