दुसरी धडक

१ जुलै २०२३ रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, नागपूरहून पुण्याकडे निघालेली एक खाजगी बस समृद्धी महामार्गावर उलटली आणि पेटली. हे घडले बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजाजवळ. २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. टायर फुटला की चालकाला डुलकी लागली, यावर पुढे बरीच चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. पण बस नेमकी दाराच्या बाजूवर पडली होती, त्यामुळे दार अडले. काही जण खिडकीची काच फोडून बाहेर पडले म्हणून वाचले. म्हणजे येथे दोन घटना आहेत : बस उलटली ही एक आणि आतल्यांना बाहेर पडता आले नाही ही दुसरी. पहिलीचे उत्तर कदाचित चालकाकडे सापडेल. दुसरीचे उत्तर मात्र बसच्या रचनेतच शोधावे लागते.

अपघाताची अशी फोड करण्याची सवय लोकांना आणि सरकारांना ज्यांनी लावली, त्यांत राल्फ नेडर या अमेरिकन वकिलाचे नाव ठळक आहे. त्यांचा जन्म १९३४ साली कनेटिकट राज्यातील विन्स्टेड या गावी, लेबननहून आलेल्या कुटुंबात झाला. १९५८ मध्ये त्यांनी हार्वर्डमधून कायद्याची पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी मोटारींच्या सुरक्षिततेवर एक लेख लिहिला. त्या काळी अपघात म्हणजे चालकाची चूक, असा सर्वसाधारण समज होता. उपायही तसेच : चालकांना उपदेश आणि दंड.

विज्ञान मात्र वेगळेच सांगू लागले होते. ह्यू डीहेवन हे विमान अपघातातून बचावलेले संशोधक. उंचावरून पडूनही जिवंत राहिलेल्या माणसांचा अभ्यास त्यांनी १९४२ साली प्रसिद्ध केला. आघात शरीराच्या मोठ्या भागावर पसरला आणि थांबायला थोडे अधिक अंतर मिळाले, तर माणूस वाचू शकतो, हे त्यातून दिसले. मोटार भिंतीवर आदळते ही पहिली धडक. आतला माणूस मात्र जडत्वामुळे त्याच वेगाने पुढे जात राहतो आणि काचेवर किंवा चक्रावर आदळतो. ही दुसरी धडक, आणि जीव बहुधा तीच घेते.

हे गणित नववीच्या वर्गातही करता येईल. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर. एवढा वेग येण्यासाठी वस्तू १४ मीटर उंचीवरून, म्हणजे चार मजली इमारतीहूनही थोड्या अधिक उंचीवरून पडावी लागते. या वेगातला माणूस ५ सेंटिमीटरमध्ये थांबला तर सरासरी मंदन गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे २८० पट होते. ५० सेंटिमीटरमध्ये थांबला तर २८ पट. वेग तोच, माणूस तोच. थांबण्याचे अंतर तेवढे दहापट वाढले. गाडीचा पुढचा भाग चुरगळत असताना माणसाला आसनाशी धरून ठेवून पट्टा हे वाढीव अंतर मिळवून देतो. तीन ठिकाणी अडकणारा असा पट्टा स्वीडनच्या निल्स बोहलिन या अभियंत्याने १९५९ मध्येच तयार केला होता. म्हणजे ज्ञान हाताशी होते. ते गाडीत उतरत नव्हते.

हीच तक्रार नेडर यांनी १९६५ च्या 'अनसेफ ॲट एनी स्पीड' या पुस्तकात मांडली. पहिले प्रकरण जनरल मोटर्सच्या कोर्व्हेअर गाडीवर होते. तिच्या मागील चाकांच्या जोडणीमुळे जोरात वळताना गाडी ताब्याबाहेर जाते, असा त्यांचा आरोप होता. कंपनीने त्यांच्या मागावर खाजगी गुप्तहेर लावले. ही गोष्ट उघड झाली आणि मार्च १९६६ मध्ये कंपनीच्या अध्यक्षांना सिनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली. त्याच वर्षी ९ सप्टेंबरला अमेरिकेत वाहन-सुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला. पट्टे, आघाताने आत दबणारा चक्राचा दांडा अशा गोष्टी सक्तीच्या होत गेल्या. नेडर यांनी कंपनीवर खाजगीपणाच्या भंगाचा दावा लावला. तडजोडीत १९७० मध्ये मिळालेले ४,२५,००० डॉलर त्यांनी ग्राहकांच्या कामात घातले. पुढे त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकाही लढवल्या, पण त्यांची खरी कमाई हा कायदाच.

१९६६ मध्ये अमेरिकेत वाहनांच्या दर दहा कोटी मैल प्रवासामागे सुमारे साडेपाच माणसे मरत. २०१४ मध्ये हा आकडा १.१ वर आला. रस्ते सुधारले आणि तातडीचे उपचार सुधारले, यांचाही त्यात वाटा आहे. सारे श्रेय एका कायद्याला देता येणार नाही. आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांना जरूर सांगावी. १९७२ च्या सरकारी चाचण्यांत कोर्व्हेअर तिच्या काळातील इतर गाड्यांहून अधिक उलटणारी आढळली नाही. म्हणजे गाजलेले उदाहरण कमकुवत निघाले, पण दुसऱ्या धडकेचा मूळ मुद्दा टिकला. तो एका गाडीवर उभा नव्हता, मोजमापांवर उभा होता.

आपल्याकडे ग्राहक चळवळीचा पाया महाराष्ट्रात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत स्थापून घातला. १९८६ मध्ये देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. वाहनांच्या बाबतीत मात्र आपण सावकाश चाललो. २०१४ मध्ये एका आंतरराष्ट्रीय संस्थेने आदळून पाहिलेल्या काही लोकप्रिय भारतीय मोटारींना शून्य तारे मिळाले. सदोष गाड्या परत मागवण्याची तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आली आणि मोटारींना तारे देणारी आपली स्वतःची चाचणी ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत निम्म्याहून अधिक दुचाकीस्वार आणि पादचारी होते. त्यांना पट्टाही नाही आणि भोवती पत्राही नाही. त्यांच्यासाठी दुसऱ्या धडकेचा विचार हेल्मेटपासून पदपथापर्यंत आणि गावातून जाणाऱ्या वाहनांच्या वेगापर्यंत न्यावा लागेल.

शिक्षकांना आम्ही एक छोटा उपक्रम सुचवतो. अपघाताची बातमी वर्गात वाचून फळ्यावर दोन रकाने करावेत : 'अपघात का झाला?' आणि 'माणसे का दगावली?' पहिला रकाना मुले भराभर भरतील. दुसऱ्यापाशी ती थबकतील, कारण बातमीत त्याविषयी सहसा काहीच नसते. दार कोठे होते, काच फुटत होती का, पट्टा होता का, हे विचारायला तेथूनच सुरुवात होईल.